उंदराला पार्किन्सन होत नाही

वर्तमानपत्रात दर काही महिन्यांनी एक बातमी येते: 'पार्किन्सनवर नवं औषध, उंदरांवरचा प्रयोग यशस्वी.' घरात कुणाला हा आजार असेल तर ती बातमी कापून ठेवली जाते, नातेवाइकांच्या फोनवरून फिरते. मग वर्षं जातात आणि त्या औषधाचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. यात बातमी देणाऱ्यांची चूक थोडी, शास्त्रज्ञांचीही थोडी. पण खरी गोम वेगळीच आहे. 'पार्किन्सन झालेला उंदीर' असा प्राणी निसर्गात नसतोच. म्हातारा झाला तरी उंदराला हा आजार होत नाही. तो त्याच्यात घडवावा लागतो, आणि घडवून हाती येतो तो आजाराचा एक तुकडा. कोणता तुकडा आणि तो कसा घडवला, हे कळलं की अशा बातम्या वाचायची रीतच बदलते. शास्त्रज्ञ या घडवलेल्या प्राण्याला 'मॉडेल' म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

आधी माणसाच्या मेंदूत काय बिघडतं ते पाहू. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं: हात स्वस्थ असताना होणारा कंप, पुढे झुकलेलं अंग, चालता चालता पावलांचं धावायला लागणं. मराठीत आपण कंपवात म्हणतो, पण कंप हा त्यातला एक भाग झाला. हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, चेहऱ्यावरचे भाव गोठतात, अक्षर बारीक होत जातं.

मध्यमेंदूत काळसर रंगाचा एक पट्टा असतो. त्याचं नाव सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे लॅटिनमध्ये 'काळा पदार्थ'. तिथल्या काही लाख पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि लांबलचक तंतूंमधून ते स्ट्रायटम नावाच्या भागापर्यंत पोचवतात. हालचाल सुरू कधी करायची, किती जोरात करायची, थांबवायची कधी, याचा तोल त्या डोपामिनवर सांभाळला जातो. पार्किन्सनमध्ये या पेशी वर्षानुवर्षं हळूहळू मरत राहतात. पहिला कंप दिसतो तोवर त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. उरलेल्यांपैकी काहींच्या आत प्रथिनाचे गोळे साचलेले दिसतात. फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये असे गोळे पाहिले, म्हणून त्यांना लेवी बॉडी म्हणतात. शिवाय कंप दिसायच्या कितीतरी वर्षं आधीच अनेकांना वास येईनासा झालेला असतो, बद्धकोष्ठ जडलेलं असतं, आणि काही जण झोपेत स्वप्नातल्या मारामारीचे हातवारे करत असतात.

आता यातलं काय काय प्राण्यात आणायचं? पेशी मरायला हव्यात. त्या सावकाश मरायला हव्यात. गोळे हवेत, हालचाल मंदावायला हवी, पोट बिघडायला हवं, आणि हे सगळं उतारवयात व्हायला हवं. आजवर एकाही मॉडेलमध्ये हे सगळं एकत्र आलेलं नाही.

ससे उठले

या गोष्टीची सुरुवात मात्र फार साध्या मॉडेलने झाली. सर्पगंधेच्या मुळांपासून रेसर्पिन नावाचं औषध मिळतं. १९५० च्या दशकात ते रक्तदाबावर आणि मानसिक आजारांवर दिलं जायचं. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सशांना टोचलं. ससे निपचित पडले, हलेनात. चेतापेशी आपली रसायनं बारीक पिशव्यांमध्ये साठवून ठेवतात आणि रेसर्पिनमुळे त्या पिशव्या रिकाम्या होतात. मग कार्लसन यांनी सशांना डोपा दिलं. शरीर डोपामिन बनवतं ते याच कच्च्या मालापासून. थोड्याच वेळात ससे उठून वावरू लागले. हे १९५७ साल.

त्यानंतर धागा भराभर पुढे गेला. व्हिएन्नामध्ये एहरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सनने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले आणि १९६० मध्ये जाहीर केलं की स्ट्रायटममधलं डोपामिन आटलेलं आहे. १९६१ मध्ये रुग्णांना लेवोडोपा, म्हणजे त्याच डोपाचं शरीर वापरतं ते रूप, टोचून पाहिलं गेलं. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी ते तोंडावाटे, हळूहळू वाढवत मोठ्या मात्रेत देऊन दाखवलं. आजही या आजारावरचं सर्वांत भरवशाचं औषध तेच आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

गंमत अशी की आजच्या कसोट्या लावल्या तर तो ससा फारच कच्चं मॉडेल ठरेल. त्याची एकही पेशी मेलेली नव्हती. लेवी बॉडी नव्हत्या. रेसर्पिनचा असर काही दिवसांत ओसरला की ससा आपोआप बरा होणार होता. पण त्याला प्रश्न एकच विचारला होता: डोपामिन नसेल तर हालचाल थांबते का, आणि परत दिलं तर सुरू होते का? तेवढ्या प्रश्नापुरता ससा पुरेसा होता. पुढे जे वाचाल त्यातही हेच पाहत राहा, की प्रश्न काय होता आणि प्राणी त्याला पुरा पडतो का.

गोल फिरणारा रॅट

इथे एक भाषेची अडचण सांगून टाकतो. मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणतात, पण प्रयोगशाळेत थोराड बांध्याचा रॅट आणि छोटा माऊस यांची खाती वेगवेगळी असतात. पार्किन्सनच्या संशोधनात तर या दोघांतला फरक महागात पडलेला आहे, ते पुढे येईलच.

१९६८ मध्ये स्वीडनमध्येच उर्बान उंगरस्टेट यांनी रॅटच्या मेंदूत एक विष सोडलं. ६-हायड्रॉक्सीडोपामिन हे त्याचं नाव. रेणूची घडण डोपामिनसारखीच, फक्त एक जादा शेपूट चिकटवलेलं. डोपामिनच्या पेशींवर सांडलेलं डोपामिन परत आत ओढून घेणारे पंप असतात. हे पंप फसतात आणि विष आत घेतात. आत गेल्यावर ते पेशीला जाळून टाकतं. नॉरअॅड्रिनॅलिन हे मेंदूतलं दुसरं एक रसायन, त्याच्या पेशीही अशाच फसू शकतात, म्हणून त्या वाचवण्यासाठी बरेच जण आधी दुसरं एक औषध देऊन त्यांचे पंप बंद करून ठेवतात.

हे विष रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून रॅटला भूल देऊन, डोकं चौकटीत घट्ट बसवून, कवटीला बारीक भोक पाडून, मिलिमीटरचे अंश मोजत सुई त्या जागी न्यावी लागते. आणि तेही एकाच बाजूला. दोन्ही बाजूंच्या पेशी मारल्या तर रॅट खाणंपिणं सोडतो आणि भरवलं नाही तर मरतो. हा शोध लागला तेव्हा डोपामिनचा संबंध हालचालीइतकाच इच्छेशीही आहे, हे लोकांच्या लक्षात येऊ लागलं.

पण एका बाजूच्या इजेचा एक अनपेक्षित फायदा झाला. अशा रॅटला अॅम्फेटामिन हे डोपामिन बाहेर सोडायला लावणारं औषध दिलं की तो गोल गोल फिरू लागतो. शाबूत बाजूला डोपामिनचा पूर येतो, मेलेल्या बाजूला थेंबही नाही. अंग कमकुवत बाजूकडे वळतं, म्हणून रॅट इजा झालेल्या बाजूकडे गिरक्या घेतो. डोपामिनची नक्कल करणारं अॅपोमॉर्फिन दिलं तर नेमका उलटा फिरतो. कारण डोपामिनला तहानलेली बाजू अॅपोमॉर्फिनला जास्त जोरात प्रतिसाद देते. उंगरस्टेट आणि आर्बथनॉट यांनी १९७० मध्ये या गिरक्या मोजणारं यंत्रच मांडलं: एक वाटोळं भांडं, रॅटच्या अंगाला बांधलेली तार आणि वर मोजणारी चकती. मिनिटाला किती फेऱ्या यावरून आत किती पेशी मेल्या असतील याचा अंदाज बांधता येऊ लागला.

गिरक्या मोजता येतात, म्हणून औषधही तपासता येतं. मेंदूत नव्या पेशी रोवण्याच्या उपचाराची पायाभरणी याच रॅटवर झाली. १९७९ मध्ये गर्भातल्या डोपामिन पेशी अशा रॅटच्या मेंदूत रोवल्यावर गिरक्या कमी झाल्या. आज माणसांवर मूळ पेशींच्या ज्या चाचण्या चालल्या आहेत त्यांची वंशावळ इथवर मागे नेता येते.

तरीही हा रॅट पार्किन्सनचा रुग्ण नव्हे. रुग्णाच्या पेशी वीस वर्षांत जातात, याच्या काही दिवसांत. आजार हळूहळू पसरतो, इथे एकदाच घाव बसतो आणि मग सगळं स्थिर. लेवी बॉडी तर तयारच होत नाहीत. शेवटच्या अवस्थेचं छायाचित्र म्हणता येईल फार तर.

गोठलेली तरुण माणसं

दुसरं प्रसिद्ध मॉडेल कुणी शोधायला गेलं नव्हतं. १९७६ मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्र शिकणारा २३ वर्षांचा एक तरुण स्वतःसाठी नशेचं द्रव्य घरीच बनवत होता. एकदा घाईत कृती चुकली. ते टोचून घेतल्यावर काही दिवसांत तो हलता-बोलता येईना इतका गोठला. लेवोडोपाने त्याला आराम पडला. दोन वर्षांनी वेगळ्या कारणाने तो वारला, तेव्हा त्याच्या मेंदूतला तो काळा पट्टा उद्ध्वस्त झालेला दिसला. १९७९ मध्ये ही हकिकत छापून आली. डॉक्टरांनी त्याच्या कृतीने बनवलेलं द्रव्य रॅटना देऊन पाहिलं होतं. रॅटना टिकेल असं काही झालं नाही. धागा तिथेच तुटला.

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात हेच पुन्हा घडलं. न्यूरॉलॉजिस्ट विल्यम लँग्स्टन यांच्यापुढे एकामागून एक तरुण रुग्ण येऊ लागले. जागे, शुद्धीवर, पण पुतळ्यासारखे. सगळ्यांनी रस्त्यावर विकलं जाणारं 'नवं हेरॉईन' टोचून घेतलं होतं. लँग्स्टन आणि सहकाऱ्यांनी त्या मालात एक भेसळ शोधली, तिचं नाव एमपीटीपी. १९८३ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला आणि लगोलग माकडांवरचे प्रयोगही. माकडांमध्ये मंदपणा, ताठरपणा, वाकलेलं अंग, सगळं दिसलं. लेवोडोपा दिलं की आराम, आणि बरेच दिवस दिलं की माणसांना होतात तशाच वेड्यावाकड्या अनैच्छिक हालचाली. माणसाच्या इतकं जवळ जाणारं मॉडेल त्याआधी नव्हतं.

हे विष काम कसं करतं ते शोधण्यात पुढची दोनतीन वर्षं गेली, आणि निघालं ते एखाद्या रहस्यकथेसारखं होतं. एमपीटीपी स्वतः निरुपद्रवी. ते रक्तातून सहज मेंदूत शिरतं. तिथल्या आधारपेशींमध्ये एमएओ-बी नावाचं एक विकर असतं, ते त्याला एमपीपी-प्लस या खऱ्या विषात बदलतं. मग तेच जुने पंप हे विष डोपामिन पेशीत ओढतात, आणि आत ते मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या भट्टीची, पहिली पायरीच बंद पाडतं. पेशी उपाशी मरते. पार्किन्सनमध्ये मायटोकॉन्ड्रिया बिघडतात हा विचार इथून मूळ धरू लागला.

आणि रॅट? त्यांच्यावर हे विष फारसं चालत नाही. माऊसवर चालतं, तेही सगळ्या जातींवर सारखं नाही. सी५७ ब्लॅक ६ नावाची काळ्या माऊसची जात सर्वांत नाजूक निघाली, म्हणून बहुतेक प्रयोग तिच्यावर होतात. १९७० च्या दशकात रॅटऐवजी माऊस निवडला गेला असता तर? इतिहासात अशा जर-तरला अर्थ नसतो, पण मला हा विचार केल्याशिवाय राहवत नाही.

या मॉडेलने एक मोठी भेट दिली. जॉन्स हॉपकिन्समध्ये महलोन डीलाँग आणि सहकाऱ्यांना दिसलं की एमपीटीपी दिलेल्या माकडांच्या मेंदूत सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा एक छोटा भाग बेफाम चालतो आहे. त्यांनी तो भाग निकामी केला आणि माकडांची हालचाल परत आली. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर फ्रान्समध्ये ग्रेनोबलला अलिम-लुई बेनाबिद मेंदूच्या दुसऱ्या भागात तारा घालून कंप थांबवत होते. त्यांच्या गटाने १९९३ मध्ये त्याच न्यूक्लियसमध्ये तार घातली. डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणजे मेंदूतला पेसमेकर बसवण्याची शस्त्रक्रिया आज जगभर होते, ती बहुतेक वेळा याच जागी.

याच मॉडेलने चकवाही दिला, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. एमएओ-बी हे विकर बंद करणारं सेलेजिलिन नावाचं औषध आधी दिलं तर एमपीटीपी काहीच करत नाही. साहजिकच आशा वाटली की हे औषध रुग्णाच्या पेशीही वाचवेल. १९८९ मध्ये डाटाटॉप या मोठ्या चाचणीचे निकाल आले. सेलेजिलिन घेणाऱ्यांना लेवोडोपाची गरज उशिरा पडली. सगळे आनंदले. पुढे मात्र उलगडत गेलं की औषध उरलेलं डोपामिन जास्त वेळ टिकवत होतं, त्यामुळे लक्षणं थोडी कमी दिसत होती. पेशी वाचत असल्याचं सिद्ध झालं नाही. आता मागे वळून पाहिलं तर घोटाळा सरळ दिसतो. माऊसमध्ये औषधाने विष तयारच होऊ दिलं नव्हतं. रुग्णाच्या मेंदूत ते विष मुळात नव्हतंच. कुलूप लावून चोर अडवला, पण या घरात चोरी झालीच नव्हती, आग लागली होती.

नंतर २००० मध्ये टिमोथी ग्रीनमायर यांच्या गटाने रोटेनोन नावाचं, वनस्पतींपासून मिळणारं कीटकनाशक आठवडेच्या आठवडे थोडं थोडं देऊन रॅटमध्ये पेशी मारून दाखवल्या, आणि लेवी बॉडीसारखे गोळेही. पण सारख्याच मात्रेत एक रॅट ठणठणीत, दुसरा मेलेला, अशी तऱ्हा. अशा मॉडेलवर औषध तपासायचं म्हणजे डोकेदुखी.

जनुकं आली आणि घोळ वाढला

१९९७ हे वर्ष या क्षेत्रात आधी आणि नंतर अशी रेघ ओढणारं. दक्षिण इटलीतल्या कोंतुर्सी गावात मूळ असलेल्या एका मोठ्या कुटुंबात पार्किन्सन पिढ्यानपिढ्या चालत आला होता. त्यांच्यात एका जनुकातली चूक सापडली. ते जनुक अल्फा-सिन्यूक्लीन नावाचं प्रथिन बनवतं. त्याच वर्षी मारिया ग्राझिया स्पिलान्तिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लेवी बॉडी ज्या प्रथिनाच्या बनलेल्या असतात ते हेच. जनुक आणि गोळे, दोन्ही वाटा एका दाराशी आल्या.

मग काय, माणसाचं चुकीचं जनुक माऊसमध्ये घालायचं आणि आजार होण्याची वाट पाहायची. सोपं वाटतं. पण या प्रथिनाच्या साखळीत अमिनो आम्लांच्या १४० कड्या आहेत. त्या इटालियन कुटुंबात ५३ व्या जागी अॅलानिनच्या ऐवजी थ्रिओनिन आलं होतं. आणि माऊसच्या अल्फा-सिन्यूक्लीनमध्ये ५३ व्या जागी काय असतं? थ्रिओनिनच. जन्मापासून, प्रत्येक माऊसच्या. माणसाला आजारी पाडणारी कडी माऊस निमूटपणे वापरतो आणि त्याला काही होत नाही. दुसऱ्या प्राण्याच्या अंगात माणसाचा आजार घडवणं म्हणजे काय, हे मला या एका अक्षराच्या फरकाइतकं कशानेच कळलं नव्हतं.

जनुक भरपूर प्रमाणात चालवलं तर गोळे होतात. अशा माऊसना लकवा येतो, ते लवकर मरतात. पण त्यांतल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या एका वाणात मेंदूचा खालचा भाग आणि मज्जारज्जू बिघडतो, आणि त्या काळ्या पट्ट्यातल्या डोपामिन पेशी मात्र जवळपास शाबूत राहतात. गोळे आहेत, आजार आहे, पण पार्किन्सनची मूळ खूणच नाही. पार्किन आणि पिंक-१ ही दुसरी दोन जनुकं. ती बिघडली तर माणसाला तरुणपणीच पार्किन्सन होतो. माऊसमधून ती काढून टाकली तर पेशी मरत नाहीत. तिसरं एक जनुक धरून तिन्ही एकदम काढून पाहिली, तरी नाही.

माऊसने तोंड फिरवलं तेव्हा बोलली ती फळमाशी. पार्किन नसलेल्या माशांचे उडण्याचे स्नायू झिजले, आणि त्या स्नायूंमधले मायटोकॉन्ड्रिया फुगलेले, फाटलेले निघाले. पिंक-१ काढलं तरी अगदी तसंच. २००६ मध्ये दोन गटांनी दाखवलं की पिंक-१ नसलेल्या माशीत पार्किन वाढवलं तर ती सुधारते, उलट केलं तर सुधारत नाही. याचा अर्थ दोन्ही जनुकं एकाच साखळीत आहेत आणि पार्किन पिंक-१ च्या पुढे आहे. बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया ओळखून त्यांची विल्हेवाट लावणारी पेशीची सफाई यंत्रणा याच वाटेने उलगडली. माशांची परीक्षाही साधी: नळीत ठेवून नळी ठोकायची, सगळ्या तळाशी पडतात, मग दहा सेकंदांत किती वर चढतात ते मोजायचं. निरोगी माशी सरसर वर जाते.

त्याहून साधा प्राणी म्हणजे सी. एलिगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा कृमी. त्याच्या ३०२ चेतापेशींपैकी डोपामिनच्या फक्त आठ. अंग पारदर्शक असल्याने त्या आठ पेशी हिरव्या चमकवून सूक्ष्मदर्शकाखाली बोटांवर मोजता येतात. आठाच्या सहा झाल्या की दोन मेल्या, इतका सरळ हिशेब. त्याला आपल्यासारखा मेंदू नाही, काळा पट्टा नाही. पण शेकडो रसायनांतून चाळून दहा निवडायची असतील तर त्याच्याइतका स्वस्त आणि वेगवान मदतनीस मिळणार नाही.

एक चिमूट बी

२००८ मध्ये एक अस्वस्थ करणारी गोष्ट कळली. ज्या रुग्णांच्या मेंदूत अकरा ते सोळा वर्षांपूर्वी गर्भातल्या पेशी रोवल्या होत्या, त्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. त्या परक्या, तरुण पेशींमध्येही लेवी बॉडी झालेल्या होत्या. आजार शेजारच्या पेशीतून त्यांच्यात शिरला की काय?

२०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात केल्विन लुक, व्हर्जिनिया ली आणि सहकाऱ्यांनी याचं मॉडेल केलं. प्रयोगशाळेत अल्फा-सिन्यूक्लीनचे ताठ धागे तयार केले आणि त्यांचा थेंब साध्या, जनुकात काही फेरफार न केलेल्या माऊसच्या स्ट्रायटममध्ये एकदाच सोडला. विरजणाच्या चमचाभर दह्याने सगळं दूध लागावं, तसं माऊसचं स्वतःचं चांगलं प्रथिन त्या धाग्यांच्या सोबतीने विस्कटून गोळे होऊ लागलं. स्ट्रायटमशी जोडलेल्या भागांमध्ये ते एकेक करून पसरलं, आणि सहा महिन्यांत काळ्या पट्ट्यातल्या डोपामिन पेशी कमी झाल्या. गोळे, पसरणं, सावकाश मृत्यू, हे तिन्ही एका प्राण्यात पहिल्यांदाच इतकं नीट दिसलं.

या मॉडेलची कळ मात्र हस्तकौशल्यात आहे. धागे टोचायच्या आधी अल्ट्रासाऊंडने त्यांचे अगदी बारीक तुकडे करावे लागतात. तुकडे मोठे राहिले तर विरजण लागत नाही. सहा महिने थांबून हाती काहीच न आलेला विद्यार्थी बहुधा इथेच चुकलेला असतो. पुढे जॉन्स हॉपकिन्समधल्या गटाने २०१९ मध्ये हेच धागे माऊसच्या जठराच्या आणि आतड्याच्या भिंतीत टोचले. गोळे पोट आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस नसेच्या वाटेने मेंदूपर्यंत चढले, आणि ती नस आधी कापून ठेवली तर चढले नाहीत. रुग्णांचं बद्धकोष्ठ इतकं आधी का सुरू होतं, याचं एक शक्य उत्तर त्यातून मिळतं. सगळ्यांचा आजार पोटातच सुरू होतो असं मात्र यावरून म्हणता येत नाही.

प्राण्यांचं काय?

हा प्रश्न टाळून पुढे जाणं बरोबर नाही. एमपीटीपीने गोठलेल्या माकडाला स्वतः खाता येत नाही, त्याला हाताने भरवावं लागतं. म्हणून नंतर काही गटांनी मानेतल्या एकाच रोहिणीतून विष द्यायला सुरुवात केली, जेणेकरून अर्धं अंग शाबूत राहावं आणि माकडाला स्वतःचं अन्न उचलता यावं. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये तीन गोष्टी मांडल्या होत्या: जिथे जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, यातना कमी करा. आज बहुतेक देशांतल्या नियमांच्या मुळाशी त्याच आहेत. रुग्णाच्या त्वचेच्या पेशींपासून बशीत डोपामिन पेशी वाढवता येतात, आणि बरंच काम तिकडे सरकलं आहे. पण बशीतली पेशी अडखळत नाही, तिला गिळायला त्रास होत नाही. चालणं बिघडलं की सुधारलं हे पाहायला चालणारा प्राणीच लागतो, आणि म्हणूनच निकृष्ट आखणीचा प्रयोग मला दुप्पट वाईट वाटतो. कोणत्या माऊसला औषध दिलं हे मोजणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर माऊसही वाया आणि उत्तरही.

मग औषधं का फसतात?

जीडीएनएफची गोष्ट घ्या. हे चेतापेशींना पोसणारं प्रथिन १९९३ मध्ये सापडलं. विष दिलेल्या रॅटमध्ये त्याने पेशी वाचवल्या, माकडांची हालचाल सुधारली. माणसांच्या मेंदूत नळी घालून ते थेट सोडलं गेलं. तुलनेसाठी बिनऔषधी गट ठेवून केलेल्या चाचणीत, आणि पुढे २०१९ मध्ये निकाल आलेल्या ब्रिस्टलच्या चाचणीतही, ठरवलेल्या मुख्य कसोटीवर ते उतरलं नाही. दरम्यान २०११ मध्ये स्वीडनमधल्या एका गटाने तेच प्रथिन वेगळ्या रॅटवर तपासलं होतं. या रॅटमध्ये विष नव्हतं, विषाणूच्या पाठीवर बसवून अल्फा-सिन्यूक्लीनचं जनुक घातलेलं होतं. तिथे जीडीएनएफने पेशी वाचवल्या नाहीत. विषाच्या घावातून सावरायला मदत करणारं औषध प्रथिनाच्या गोळ्यांपुढे हतबल ठरलं. माणसांतल्या अपयशाचं हे एकमेव कारण म्हणता येणार नाही, नळीतून औषध किती लांब पोचलं यावरही वाद आहेत. पण 'उंदरात यशस्वी' या दोन शब्दांत कोणता उंदीर हे का विचारायचं, ते इथे कळतं.

वेळेचाही घोळ असतो. कित्येक प्रयोगांत औषध विषाच्या आधी किंवा सोबत दिलेलं असतं. रुग्ण डॉक्टरांकडे येतो तेव्हा निम्म्या पेशी जाऊन चुकलेल्या असतात. पुढच्या वेळी बातमी वाचताना एवढंच शोधा: औषध केव्हा दिलं?

आणि रंग. माणसाच्या डोपामिन पेशी वयाबरोबर काळ्या पडत जातात, त्यांच्यात न्यूरोमेलॅनिन नावाचं काळं रंगद्रव्य साठत जातं. माऊस आणि रॅटच्या त्याच पेशी फिक्या राहतात. २०१९ मध्ये बार्सिलोनातल्या गटाने माणसाचं टायरोसिनेज हे रंगद्रव्य बनवणारं विकर रॅटच्या त्या पेशींमध्ये बनवायला लावलं. पेशी माणसासारख्या काळ्या झाल्या. रंग एका मर्यादेपलीकडे साठला तेव्हा लेवी बॉडीसारखे गोळे दिसले आणि पेशी मरू लागल्या, विष न देता. वर्षानुवर्षं ज्या रंगावरून तो पट्टा ओळखला जात होता, तो रंगच मॉडेलमधून गळालेला होता.

दुसरी गळालेली गोष्ट आहे वय. पार्किन्सन मुख्यतः साठीच्या पुढचा आजार. प्रयोगातले बहुतेक माऊस दोनतीन महिन्यांचे असतात, म्हणजे माणसाच्या हिशेबात जेमतेम विशी गाठलेले. साठीच्या आसपासचा माऊस हवा तर त्याला दीड ते दोन वर्षं सांभाळावं लागतं. तेवढ्या काळात पिंजरे अडतात, काही माऊस भलत्याच आजाराने मरतात, आणि संशोधकाच्या अनुदानाची मुदत संपते. म्हणून म्हाताऱ्यांचा आजार अजूनही बहुतेक प्रयोगशाळांत तरुणांमध्येच शोधला जातो.